बागेला कुलूप का लागते?

डॉक्टरांनी माझ्या पत्नीला सांगितले, साखर वाढली आहे, रोज पाऊण तास चालत जा. गोळ्या त्यांनी कागदावर लिहून दिल्या. चालायचे कुठे, ते मात्र लिहून दिले नाही. आम्ही राहतो ते बीड जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. आमच्या गल्लीत एका बाजूला उघडी गटार आणि दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या मोटारसायकली. गल्ली संपली की मोठा रस्ता, त्यावर हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर आणि बारा महिने ट्रक. चार दिवस आम्ही त्या रस्त्याने चाललो. पाचव्या दिवशी एका दुचाकीचा आरसा तिच्या कोपराला घासून गेला. ती म्हणाली, "जाऊ द्या, मी गच्चीवरच फिरते."

तेव्हा मला गावच्या बागेची आठवण झाली. घरापासून आठ-दहा मिनिटांवर बाग आहे. आम्ही गेलो तर फाटकाला कुलूप. गजांतून आत पाहिले. हिरवळीच्या जागी पिवळी माती, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, कारंज्याच्या हौदात पाण्याऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या. उद्घाटनाची कोनशिला मात्र ठणठणीत होती. काळा दगड, सोनेरी अक्षरे, एकही अक्षर पुसलेले नाही.

मंडळी, मी कवी माणूस. शिक्षण बीएपर्यंतचे. कवितेत बाग फुलवायला काही लागत नाही, एक ओळ लिहिली की झाले. खरी बाग कशावर जगते आणि कशाने मरते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, तेही त्या कुलपामुळे. कोणावर दोष ठेवण्यासाठी हे सांगत नाही. असे कुलूप केवळ आमच्याच गावात नाही. ते का लागते, हे एकदा समजून घेतले तर ते उघडताही येते, एवढ्यासाठी सांगतो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. आपला जिल्हा दुष्काळी, इथे बागा कशा जगणार, असे आपण सहज म्हणून जातो. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी, हे खरे. पण बीड शहरापासून काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवली. जमिनीखालून येणारे पाणी विहिरीत जमा होते आणि भुयारी नहरीतून उताराने पुढे जाऊन शेतांना मिळते. मोट नाही, इंजिन नाही, पंप नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी आधी पाण्याची व्यवस्था केली आणि मग हिरवळीचा विचार केला. बीड शहरात बिंदुसरेच्या काठी आजही खासबाग नावाचा भाग आहे. बाग, बगीचा, हौद, फवारा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत मुरले. माळी, मोट, आळे हे शब्द इथलेच. दोन्ही शब्द एकत्र नांदले तेव्हाच इथे बागा झाल्या. म्हणजे बाग ही आपल्याला परकी चैन नाही.

आता प्रश्न, बाग कोणाची जबाबदारी? उत्तर थेट राज्यघटनेत आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशी अठरा कामे तिच्यात आहेत. त्यात शहरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण आहे, आणि उद्याने, बगीचे, क्रीडांगणे यांची सोय करणेही आहे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांच्या रांगेतच बागेचे नाव लिहिलेले आहे. बाग म्हणजे कोणा पुढाऱ्याने दिलेली भेट नव्हे.

ही कल्पना तशी जुनी नाही. इंग्लंडात लिव्हरपूलजवळ बर्कनहेड नावाचे गाव आहे. तिथले उद्यान १८४७ साली खुले झाले. सार्वजनिक पैशातून, सर्वांसाठी उभारलेले पहिले उद्यान म्हणून त्याचे नाव घेतात. तोवर बागा राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या असत. बर्कनहेडच्या मंडळींनी एक हुशारी केली. बागेभोवतीची जमीन प्लॉट पाडून विकली आणि त्यातून खर्च भागवला. बागेशेजारच्या जागेला भाव जास्त येतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे अमेरिकेतले फ्रेडरिक ओल्मस्टेड ते उद्यान पाहून गेले आणि न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखताना तो अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

आपल्याकडे पैसा येतो, पण दोन वेगळ्या पिशव्यांतून, आणि सगळी गोम तिथेच आहे. बागेची भिंत, फाटक, पायवाट, खेळणी, कारंजे यांचा खर्च एकदाच होतो. त्याला योजना मिळतात. केंद्राची अमृत योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. ती एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी होती आणि तिच्यात उद्यानांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवलेली होती. २०११च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात एक लाखाच्या वर वस्ती एकट्या बीड शहराची. बाकीच्या गावांना राज्याच्या योजना आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी यांच्याकडे पाहावे लागते. तिथूनही बांधकामाला पैसे मिळतात. कोनशिला बसते, फीत कापली जाते.

दुसरी पिशवी रोजच्या खर्चाची. माळ्याचा पगार, पाणी, वीज, खत, तुटलेल्या झोक्याची साखळी, रात्रीचा राखणदार. हा खर्च नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातून करायचा असतो, म्हणजे मुख्यतः घरपट्टीतून. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी २०२५-२६पर्यंत शहरांना मिळत होता, त्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिलेला होता. उरलेला चाळीस टक्के भाग मोकळा होता, पण त्यातून पगार द्यायला मनाई होती. म्हणजे बाग बांधायला पैसे आहेत, पण बागेत झारी घेऊन उभा राहणारा माणूस ठेवायला नाहीत.

आमच्या बागेत पूर्वी एक माळीमामा होते. कंत्राटावरचे. कंत्राट संपले तसे त्यांचे कामही संपले. आता ते बाजारात रोपे विकतात. मी त्यांना विचारले, "मामा, एवढी चांगली बाग झाली होती, मग अशी का सुकली?" ते म्हणाले, "भाई, म्हैस आहेरात आली म्हणून वैरण फुकट येती का?" मी पुष्कळ कागद वाचले, पण याहून नेमके वाक्य मला कुठे मिळाले नाही.

वैरणीचा हिशेब करून पाहू. आमच्या बागेत दहा गुंठे हिरवळ होती. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याच्या उन्हात गवत हिरवे ठेवायचे तर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागते. म्हणजे रोज पाच-सहा हजार लिटर, एक टँकर. २०१८-१९च्या दुष्काळात लोक घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभे होते. तशा वेळी गवतासाठी टँकर कोण मागणार? मी अधिकारी असतो तरी दिला नसता. हिरवळ वाळली, मग माणसे येईनाशी झाली, मग नको ते लोक रात्री बसू लागले आणि मग कुलूप लागले. दुष्काळ संपला, पण कुलूप तसेच राहिले.

आता झाडांचा हिशेब पाहा. कडुनिंबाच्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षे आठवड्याला वीसेक लिटर पाणी दिले, आळे करून त्यावर पालापाचोळा पसरला, की ते तग धरते. शंभर रोपांना आठवड्याला दोन हजार लिटर पुरतात. हिरवळीला त्याच आठवड्यात चाळीस हजार लागत होते. तीन वर्षांनंतर निंब आपले पाणी आपण शोधतो. हिरवळ मात्र दहा वर्षांनीही रोज तेवढेच मागते. म्हणून आपल्या भागातल्या बागेचा कणा गवत नसावा, झाड असावे. कडुनिंब, चिंच, करंज, वड, पिंपळ, शिरीष, बोर ही झाडे इथल्या मातीला सरावलेली आहेत. आपल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळ कोणी न लावता वाढते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मग बागेच्या कुंपणाला विदेशी झुडपे कशाला? सीताफळ लावले तर पोरे तरी पिकलेले फळ काढून खातील.

याचे मोठे उदाहरण बीड शहराजवळच आहे. पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी वन विभागाच्या मदतीने सह्याद्री देवराई उभी केली. तिथे १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० या दिवशी वृक्षसंमेलन भरले आणि संमेलनाध्यक्ष म्हणून वडाच्या झाडाला मान दिला गेला. साहित्य संमेलनांतून अध्यक्षांची लांबलचक भाषणे ऐकलेल्या माझ्यासारख्याला अध्यक्ष गप्प उभे आहेत आणि सावली देत आहेत, ही कल्पनाच फार आवडली. पण त्यातला धडा असा की झाडे लावण्याइतकीच ती राखण्याची व्यवस्था हवी. राज्याने २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला होता. पावसाळ्यात खड्डे खणणारे हात पुष्कळ असतात. मेमध्ये पाणी घालणारा हात दिसतो का, ते पाहायला हवे.

आणि पाणी कोणते घालायचे? पिण्याचे नव्हे. नळाला दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी येते तिथे माणशी रोज सत्तर लिटर जरी धरले, तरी त्यातले ऐंशी टक्के पाणी, म्हणजे पंचावन्न लिटरच्या आसपास, वापरून पुन्हा गटारीत जाते. शंभर माणसांचे असे पाणी साडेपाच हजार लिटर होते. ते शुद्ध करून वापरले तर ज्या टँकरसाठी बाग मेली, तो टँकर गल्लीतल्या शंभर माणसांच्या मोरीतूनच रोज वाहून जातो आहे, असे दिसेल.

जागेबद्दलही थोडे सांगतो, कारण पुष्कळ वस्त्यांत बागेचा पत्ताच नसतो. एक एकराच्या आसपास, म्हणजे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट मंजूर होतो तेव्हा दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण तिला 'ओपन स्पेस' म्हणतो. नकाशावर ती असते, जागेवर कधी कचरा असतो तर कधी कोणाचे शेड. गावच्या विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित जागाही असतात. त्यांचा एक नियम नागरिकांना ठाऊक असायला हवा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. बाग अशी कागदावरच मरते आणि कोणाला कळतही नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून आपल्या वॉर्डातल्या ओपन स्पेसची यादी मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

झाडांसाठीही कायदा आहे, १९७५ सालचा. शहरातले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. वृक्ष प्राधिकरण नेमायचे असते आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा मान मिळाला. माझेही वय त्याच घरातले आहे, म्हणून मला हा कायदा विशेष जवळचा वाटतो.

आता कोणी म्हणेल, पाणी नाही, रस्ते नाहीत, आणि तुम्ही बाग काय घेऊन बसलात? मी माझ्या घरातले सांगतो. साखरेचा आजार, रक्तदाब, गुडघे यांवर चालणे हे बिनपैशाचे औषध आहे. पुरुष रस्त्यावर चालू शकतो, चहाच्या टपरीवर बसू शकतो, पारावर टेकू शकतो. बाईला घर आणि बाजार सोडून बसायला जागा कुठे आहे? दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची लेकरे आजी-आजोबांपाशी गावात राहतात. शाळा सुटल्यावर ती कुठे खेळतात? रस्त्यावर, नाल्याकाठी, नाहीतर मोबाईलमध्ये. बाग ही त्यांच्या हक्काची जागा आहे. एक घसरगुंडी, एक झोका, सुट्टीत आठवड्यातून दोनदा गोष्टी सांगणारे कोणी आणि कबड्डीसाठी आखलेले मैदान, एवढ्याने त्यांची सुट्टी बदलते. त्याला लाखो रुपये लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात आडनाव विचारूनच बोलणे सुरू करण्याची सवय वाढली. दुकाने वाटली गेली, चहाचे ठेले वाटले गेले. आता सगळ्यांनी एकत्र बसावे अशा जागा किती उरल्या? एसटीची बस, सरकारी दवाखान्याची रांग आणि बागेतले बाकडे. पहिल्या दोन ठिकाणी माणूस घाईत किंवा दुखण्यात असतो. बागेत तो निवांत असतो. शेजारी बसलेल्याला तो नाव विचारण्याआधी विचारतो, "किती फेऱ्या झाल्या?" मला हे फार मोलाचे वाटते.

आमच्या कुलपाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. गल्लीतले आम्ही सातजण अर्ज घेऊन गेलो. त्या काळात राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होते, तेव्हा गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकही नव्हता. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी परवानगी मिळाली, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. चावी समोरच्या चहावाल्याकडे ठेवायची ठरली. हिरवळ पुन्हा लावायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले. माळीमामांनी साठ रोपे निवडून दिली, बहुतेक निंब आणि करंज.

पाण्याची युक्तीही त्यांचीच. बागेच्या भिंतीला लागून मशीद आहे. मामांनी विचारले, "भाई, तुमचं वजूचं पाणी कुठं जातं?" ते गटारीत जात होते. एका वेळी चाळीस माणसे आणि माणशी तीन लिटर धरले, तर पाच नमाजांचे सहाशे लिटर होतात. त्यात साबण नसतो, तेल नसतो. साठ रोपांना आठवड्याला बाराशे लिटर लागतात, म्हणजे दोन दिवसांचे पाणी झाले. मशिदीतल्या बुजुर्गांनी एका बैठकीत होकार दिला. माझे वडील सांगत, झाड लावले आणि त्याचे फळ पाखराने खाल्ले तरी ते दान ठरते. मग त्या झाडाला पाणी पुरवणे दानात का बसू नये? भिंतीला भोक पाडून एक पाइप टाकला, खर्च वर्गणीतून झाला. साठांपैकी एकोणपन्नास रोपे जगली.

हे नगरपालिकेच्या कामाला उत्तर नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. अमृत योजनेतही बागांच्या देखभालीत लोकांनी भागीदार व्हावे असे म्हटले होते आणि ते योग्यच आहे. पण भागीदार म्हणजे दुसऱ्याचा सगळा भार उचलणारा नव्हे. आमच्या बागेला आजही पगारी माळी नाही. मामा प्रेमाने येतात, पण प्रेमावर त्यांचे घर चालत नाही. डिसेंबर २०२५मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. आता विचारायला माणसे आहेत. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत नगरपालिकेचे अंदाजपत्रक तयार होते. त्याआधी जाऊन एकच प्रश्न विचारा, बागेच्या बांधकामाला किती ते सोडा, माळ्याच्या पगाराला किती ठेवले? घरपट्टी भरल्याची पावती खिशात ठेवून विचारा, म्हणजे आवाज आपोआप नीट लागतो.

माझी पत्नी रोज संध्याकाळी बागेत जाते. सोबत गल्लीतल्या पाच-सहा जणी असतात. फेऱ्या मोजायला ती दर फेरीला बाकड्यावर एक खडा ठेवते. परवा मी पाहिले तर बाकड्यावर खड्यांच्या चार-पाच वेगवेगळ्या ओळी होत्या. कोणाची कुठली, ते ज्याचे त्याला ठाऊक. घसरगुंडी अजून तुटलेलीच आहे. तिचा अर्ज दिला आहे, दुसरी चकर पुढच्या सोमवारी.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)